बुधवारची बॅटरी

उत्तमराव माळ्यानं फटफटी घेतली तेव्हा अख्ख्या जठारपेठेनं त्याला वेड्यात काढलं. काढणारच. ज्याच्या घराण्यात बैलगाडीपलीकडे कोणी काही हाकलं नव्हतं, तो झेंडू-शेवंती विकणारा माणूस वयाच्या बावन्नाव्या वर्षी लष्करी लिलावातून हिरवी, दणकट, भोंग्यासकट फटफटी घेऊन येतो, म्हणजे काय? लढाई संपली होती, पलटणींनी टाकलेल्या गाड्या हात लावील त्याच्या होत होत्या, हे खरं. पण मिळते म्हणून कोणी तोफ घेतं का? लोक विचारत, उत्तमराव, हे काहून? उत्तमराव सांगे, फुलं बाजारात लवकर पोचवाले. बाजार त्याच्या मळ्यापासून हाकेच्या अंतरावर होता. म्हणजे माणूस धडधडीत खोटं बोलत होता, आणि तेही त्याला धड जमत नव्हतं.

खरं कारण अंजनगाव सुर्जीला नांदत होतं. त्याचं नाव शकुन.

एकुलती एक लेक. केळीच्या बागा असलेल्या चांगल्या घरात दिलेली. जावई पंजाबराव गरीब स्वभावाचा, सासू गंगूबाई तोंडानं फटकळ पण मनानं साफ. सगळं होतं, मूल तेवढं नव्हतं. आणि रीत तर अशी की लेकीची कूस उजवेपर्यंत बापानं तिच्या घरचा घास खायचा नाही, पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. दान दिलं तिथलंच खायचं कसं, असा त्यातला विचार. बहुतेक बाप वर्ष-दोन वर्षं पाळतात, मग नातू मांडीवर आला की हसत ताटावर बसतात. उत्तमरावानं तर पाठवणीच्या वेळी भर मांडवात सांगून टाकलं होतं, आता तुया घरी जेवीन तं नातवाच्या बारशालेच. मांडव हसला, शकुन लाजली, तिची माय वच्छला रडता रडता हसली. तोंडातून निघालेला शब्द आपला राहत नाही. दोन वर्षांनी वच्छला तापानं गेली. बारशाचं जेवण राहिलंच.

आता अकोल्याहून अंजनगाव पंचेचाळीस-पन्नास मैल. सर्व्हिस मोटारीनं जायचं तर अकोटला उतरा, दुसऱ्या मोटारीची वाट पाहत बसा, आणि अंजनगावात पाय ठेवेपर्यंत दिवस कललेला. परतीची मोटार थेट दुसऱ्या दिवशी. मुक्काम आला म्हणजे ताट आलं. म्हणून सुरुवातीची पाच वर्षं उत्तमराव कधीमधी जाई, लेकीला भेटे आणि रात्री गावाबाहेरच्या देवळात उपाशी झोपे. पण वच्छला गेल्यापासून घर खायला उठत होतं. लेकीचं तोंड पाहिल्यावाचून राहवेना, आणि शब्दही मोडवेना. लढाई संपून लिलाव निघाले तेव्हा त्याला फटफटी सुचली. सकाळी निघावं, दिवसभर लेकीजवळ बसावं, रात्री आपल्या घरी येऊन जेवावं. वेडा म्हणा नाहीतर शहाणा म्हणा, पण माणसानं स्वतःच्या शब्दासाठी इंजिन विकत घेतलं होतं.

मग महिन्यातले दोन बुधवार ठरून गेले. उत्तमराव दहा-साडेदहाला पोचे, फटफटी घरामागच्या कडब्याच्या गंजीकडे तोंड करून सावलीत लावी आणि पुढच्या ओट्यावर येऊन बसे. दुपारी आपलं फडकं सोडी, घरून आणलेली भाकर ठेच्यासंगं खाई, आपल्याच छागलीतलं पाणी पिई. शकुन उंबऱ्यात बसून पाहत राही. बाप दारात येतो आणि आपली शिळी भाकर खाऊन जातो, हे पाहायला काळीज दगडाचं लागतं. तिचं तसं नव्हतं. पण ती कधी त्याबद्दल बोलली नाही. ती केळीच्या घडांचं सांगे, म्हशीच्या वगारीचं सांगे आणि मधेच विचारी, मायनं लावलेल्या शेवंतीले यंदा फुलं किती आले. पाच वाजले की तो उठे. फटफटीचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत ती रस्त्याकडे पाहत उभी राही.

एकोणपन्नास सालची संक्रांत झाली आणि पहिल्याच बुधवारी गडबड झाली. निघायच्या वेळी शकुनच म्हणाली, बाबा, दिवा पाहून घ्या एकदा. त्यानं पाहिला, तर विझत्या बिडीएवढा लाल. भोंगा दाबला, तो बोकडासारखा कण्हला. शकुन म्हणाली, राहा ना आजच्या दिवस. उत्तमरावानं मान हलवली. इंजिन एका लाथेत सुरू झालं होतं, मग राहायचं कशाला? चांदण्यात चाचपडत तो रात्री कसाबसा अकोल्याला लागला.

दुसऱ्या दिवशी फटफटी नत्थुजी मिस्त्रीच्या दुकानात उभी राहिली. हा नत्थुजी लढाईत इराकच्या वाळूत लष्करी ट्रका दुरुस्त करून आलेला. पाना हातात घेण्याआधी वीस प्रश्न विचारणार, आणि उत्तर चुकलं की वकिलासारखा उलटतपासणी घेणार. उत्तमरावानं विचारलं, दिवा मेला तर इंजिन कसं चाललं? नत्थुजीनं त्याला लहान लेकराला सांगावं तसं सांगितलं. इंजिनाची ठिणगी तिची तिची वेगळी असते, तिला बॅटरी लागत नाही. बॅटरी दिव्याला आणि भोंग्याला. इंजिन फिरलं की डायनामो फिरतो, वीज करतो आणि बॅटरीत भरतो. मधे कटआउट नावाची एक डबी असते, ती दारावरचा दरवान. वीज आत जाऊ देते, पण गाडी उभी असताना उलटी बाहेर पळू देत नाही. आता तिघांपैकी चोर कोण, ते पाहायचं.

पहिल्या खेपेला त्यानं बॅटरीची टोकं खरवडली, त्यांवर पांढरी बुरशी चढली होती. पाणी कमी होतं, ते भरलं, रात्रभर बॅटरी चार्ज केली. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. शकुन पुन्हा म्हणाली, राहा ना. उत्तमराव पुन्हा निघाला. त्या रात्री गाडी वेगात असली की दिवा जरासा धुगधुगे, आणि खड्ड्यापाशी हळू झाली की डोळा मिटे. पूर्णेच्या उतारावर कापसाची बैलगाडी समोर आली, ती अंगावर येईस्तोवर दिसलीच नाही. उत्तमराव फटफटीसकट कडेच्या काट्यांत गेला. गुडघा फुटला, हाड वाचलं. लेकीला हे सांगायचं नाही, असं त्यानं त्या काट्यांत पडल्या पडल्याच ठरवलं.

या वेळी नत्थुजी चिडला. त्यानं डायनामो उघडला, आतले कार्बन पाहिले, झिजलेला एक बदलला, तांब्याचा गोल काचकागदानं घासून सोन्यासारखा केला. कटआउटचे पॉइंट चिकटतात की काय म्हणून ती डबीही उघडली. ते चिकटले तर उभ्या गाडीत बॅटरी आपोआप रिकामी होते, आणि त्याचा सगळा संशय तिच्यावरच होता. पण पॉइंट साफ होते. इंजिन सुरू करून दिव्यावरच्या वीज मोजायच्या काट्याकडे पाहिलं, तर काटा भरण्याच्या बाजूला ताठ. सगळं ठीक. आणि बुधवारी अंजनगावात बॅटरी पुन्हा बसली.

त्या तिसऱ्या बुधवारी उत्तमराव तीन वाजताच उठला. दिव्याचा भरवसा नाही, तर उजेडातच घर गाठलेलं बरं, असा त्याचा विचार. शकुनचा चेहरा एकदम उतरला. तो म्हणाला, गाडी सुधरेस्तोवर असंच लौकर निघा लागंन बाई. ती उठून लगबगीनं आत गेली. लेकीच्या वाट्याचा बाप दोन तासांनी कमी झाला, आणि ते कोणी केलं हे त्या वेळी तिला एकटीलाच ठाऊक होतं.

नत्थुजीनं मग डोकं लावलं. बॅटरी दुकानात भरून ठेवली, दोन दिवसांनी तिचं पाणी नळीनं तपासलं. जशीच्या तशी. फटफटी दिवसभर अकोल्यातच उन्हात उभी केली, काही गेलं नाही. तेवढ्यात उत्तमरावाला गुरुकुंज मोझरीला झेंडूचे हार पोचवायचे निघाले. हा रस्ता अंजनगावाहून कितीतरी लांबचा, तिथंही गाडी सारा दिवस उभी, आणि परतताना मूर्तिजापुराच्या अलीकडेच अंधार पडलेला. दिवा असा लख्ख की समोरचे बैल डोळे मिटत होते.

नत्थुजीनं ऐकून घेतलं आणि बराच वेळ बिडी ओढत बसला. गाडी तीच, डायनामो तोच, माणूस तोच. मग दुखणं गाडीत नाही, गावात हाय, हे त्याच्या ध्यानात आलं. पण पक्कं कळल्याशिवाय बोलणारा तो नव्हे. पुढच्या बुधवारी निघताना त्यानं दिव्याच्या डोक्यावरच्या बटणाला एक काळा दोरा गुंडाळला आणि गाठ मारली, अशी की दोरा सोडल्याशिवाय बटण फिरूच नये. वर साळसूदपणे म्हणाला, नजर लागली तुया गाडीले. लोक जळतात. उत्तमरावाला ते पटलंही, कारण लोक खरंच जळत होते.

फुटलेला गुडघा पुन्हा सुजला होता, त्या बुधवारी तो लंगडतच ओट्यावर चढला. जावयानं पाहिलं, जेवण झाल्यावर विचारलं. जावयापुढे काय लपवायचं म्हणून उत्तमरावानं आवाज बारीक करून पूर्णेच्या उताराची हकिकत सांगितली. आतल्या दाराशी कोणीतरी होतं आणि मग मागच्या अंगणाकडे घाईनं गेलं, एवढं त्याला जाणवलं. तीन वाजता तो निघाला.

गुरुवारी नत्थुजीनं आधी बॅटरी तपासली आणि भुवया वर केल्या. आज पूर्ण बसली नव्हती, अर्धीच गेली होती. मग तो दोऱ्याकडे वळला. दोरा तुटला नव्हता. होता तिथंच होता. त्यानं उत्तमरावाला जवळ बोलावलं.

"मी साधी गाठ मारली होती. हे गाठ कोनाची हाय?"

उत्तमराव वाकला. गाठ बारीक होती, चपटी, दोन वेढ्यांची. गजरा ओवताना माळी मारतात ती. कोणीतरी दोरा सोडला होता आणि नजरेचा दोरा आहे, तसाच ठेवावा म्हणून काम झाल्यावर पुन्हा जपून बांधला होता. आणि हात फुलांचा असल्यामुळे गाठही फुलांचीच पडली होती. पण उत्तमराव पाहत होता ते वेगळंच. माळ्यांच्या घरी हा वेढा उजवीकडे पडतो. हा डावीकडे पडला होता. वच्छला डावखुरी होती. साऱ्या जठारपेठेत तिच्या एकटीच्या गजऱ्याची गाठ डावी पडे, आणि तिच्या मांडीवर बसून एकाच पोरीनं ती शिकून घेतली होती.

तो दुकानाच्या पायरीवर बसला. गाठीवरून अंगठा फिरवत राहिला. वच्छला जाऊन पाच वर्षं होत आली होती आणि ही गाठ पुन्हा कधी डोळ्यांना दिसेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"माही लेक," तो म्हणाला.

नत्थुजीनं उरलेलं सांगितलं. तू पुढं ओट्यावर बसला का ते मागं दिवा लावून देते. भर दिवसा, तेही गंजीकडे तोंड, कोणाले दिसते? तीन-चार घंट्यात बॅटरी खाली. तुया निघाच्या टाइमाले बंद करते. पोट्टी हुशार हाय, मिस्त्री व्हाची होती.

काहून पण, असं विचारायला उत्तमरावानं तोंड उघडलं आणि मिटलं. विचारायची गरजच नव्हती. राहा ना आजच्या दिवस, हे त्यानं दोनदा ऐकलं होतं, आणि दोन्हीदा ते वाऱ्यावर सोडलं होतं. नत्थुजीला राहवलं नाही. त्याला म्हणाला, एवढी तरसते पोरगी, तं जेव ना बावा एकदा. रीत काय गळा धरते?

उत्तमराव म्हणाला, "रीतीचं नाही रे. सात वर्सं मी जेवलो नाही, म्हंजे सात वर्सं मी वाट पाहून राहिलो. आता मीच उठून ताटावर बसलो, तं तिले काय समजंन? बापानं बी आस सोडली, हेच ना? तिले सारे तसंच पाहतात आता. मी एकटा राहिलो."

नत्थुजीनं हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "तुया मर्जीनं जेवला तं तसं होईन. गाडीनं दगा देल्ला, बाप अडकला, अंधारात जाता येत नाही, तं कोनाचा शबद मोडला? आस बी राहिली अन् बाप बी जेवला. तिनं तुमा दोघाइची सोय पाहिली, अन् तू येड्यावानी अंधारात निघून जातं."

हे उत्तमरावाच्या टाळक्यात कधी शिरलं नव्हतं. बटण आत लपवून देऊ का, असं नत्थुजीनं विचारलं, तर तो दचकून नको म्हणाला. बॅटरी पूर्ण भरून दे, एवढंच मागितलं. लेकीला रिकामी करायला काहीतरी हवं होतं ना.

ते पंधरा दिवस उत्तमरावानं कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. शेवंतीच्या वाफ्यात उभा राहून एकटाच हसे. बुधवारी पहाटे उठला, अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसला आणि भाकर बांधलीच नाही. छागलही खुंटीला राहू दिली. अंजनगावात पोचला, फटफटी नेहमीच्या जागी गंजीकडे तोंड करून लावली आणि ओट्यावर येऊन पाठ फिरवून बसला. चोराला मोकळीक द्यावी तशी. दुपारी गंगूबाईंनी विचारलं, व्याही, आज फडकं नाही? तो म्हणाला, अकोटले खाल्लं. पोटात कावळे ओरडत होते.

तीन वाजले, तो उठला नाही. पाच वाजले, तरी नाही. शकुन दोनदा आत-बाहेर झाली. ऊन मावळायला लागलं तशी ती जवळ आली आणि म्हणाली, बाबा, निघा ना आता. अंधार होईन. उत्तमरावाला वाटलं, काय नाटकी पोरगी आहे. म्हणाला, निघतो, दिवा तेवढा पाहून घेतो. मोठ्या ऐटीत तो मागच्या अंगणात गेला, ती मागोमाग आली. त्यानं बटण फिरवलं.

सगळी गंज उजळून निघाली. कडब्याचं एकेक धाट दिसत होतं.

उत्तमराव तसाच उभा राहिला. हे त्यानं मनात धरलंच नव्हतं. आज तिनं हात लावला नव्हता.

शकुन म्हणाली, "आता नाही बिघडणार तो, बाबा." मग त्याच्या गुडघ्याकडे पाहत म्हणाली, "तुमी पूर्णेपाशी पडले, मले सांगतलं बी नाही. मायावाल्या खुळेपणानं काही झालं असतं म्हंजे? त्या दिवशी तुमाले जावयाले सांगताना आयकलं अन् धावत जाऊन बंद केला. मले काही नाही पाहिजे. तुमी उजेडात घरी जा, तेवढंच पुरे."

म्हणजे ती मोकळं करत होती त्याला. दिवा चांगला, बॅटरी भरलेली, रस्ता कोरडा. जायला एकही अडचण नव्हती, आणि थांबायला एकही सबब उरली नव्हती. उत्तमरावाला आयुष्यात इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं, वच्छला गेली त्या दिवशीसुद्धा नाही. राहिलो तर मर्जीनं राहिलो असं होणार. गेलो तर ही पोरगी पुन्हा कधी दिवा लावणार नाही, पुन्हा कधी राहा म्हणणार नाही. तिची मान खाली होती. केसांत कडब्याचा एक तुकडा अडकला होता, तो काढावा असं त्याला वाटलं आणि हात उचलेना.

मग त्यानं बटण उलटं फिरवलं. अंगणात एकदम संध्याकाळ झाली.

"शकुन, हा दिवा नाही लागून राहिला."

तिनं मान वर केली. "आता तं लागला होता, बाबा."

"पाहय ना नीट. लागते का?"

ती विझलेल्या दिव्याकडे पाहत राहिली, मग बापाकडे. त्याचे डोळे भरले होते आणि तो हसत नव्हता. 

"नाही लागत," ती म्हणाली.

आतून गंगूबाईंनी हाक मारली, व्याही निघाले का अजून नाही? शकुननं पदरानं तोंड पुसलं आणि मोठ्यानं सांगितलं, बाबाच्या गाडीची बॅटरी बसली, आत्याबाई. अंधारात कसे जातीन? मुक्कामाले हायत. गंगूबाई म्हणाल्या, मंग बाई, उभी काय राहिली, पाणी दे त्याइले.

शकुन तांब्या घेऊन आली. तो त्यानं दोन्ही हातांनी धरला, तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा करून तिच्यापुढे केला.

"आनखी दे, बाई," तो म्हणाला.